हिबाचीचं आल्याचं ड्रेसिंग आणि आपलं तिखट आलं

अमेरिकेतल्या जपानी स्टेकहाउसमध्ये, म्हणजे जिथे आचारी तुमच्यासमोरच्या तव्यावर कांद्याच्या चकत्या रचून त्यांचा ज्वालामुखी पेटवतो तिथे, भात-भाज्यांच्या आधी एक छोटी वाटी पुढ्यात येते. आइसबर्ग लेट्यूसची गार, कुरकुरीत पानं आणि त्यांवर नारिंगी, रवाळ, आंबट-गोड असं आल्याचं ड्रेसिंग. इथली मंडळी या जागेला 'हिबाची' म्हणतात. खरं तर जपानमध्ये हिबाची म्हणजे हात शेकायची कोळशाची शेगडी. तव्यावरच्या या स्वयंपाकाचं नाव तेप्पानयाकी. १९६४ मध्ये रॉकी आओकी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'बेनिहाना' सुरू केलं आणि तव्याभोवती बसून जेवायची ही तऱ्हा अमेरिकेत रुळली. सोया सॉस, तांदळाचं व्हिनेगर आणि तेल यांचं जे जपानी 'वाफू' ड्रेसिंग असतं, त्याचाच हा गोडसर, केचप घातलेला अमेरिकन भाऊबंद.

चवीला ते मराठी जिभेला लगेच ओळखीचं वाटतं, कारण मुळात ती कच्च्या आल्या-कांद्याची पातळ चटणीच आहे. पण इंग्रजी पाककृती जशीच्या तशी पुण्यात किंवा नाशकात केली, तर हमखास फसते. दोष आल्याचा. अमेरिकेतल्या दुकानातलं आलं बहुतेक पेरू, ब्राझील किंवा चीनहून येतं: पंजाएवढं मोठं, पातळ सालीचं, रसाळ आणि सौम्य. आपलं सातारी आलं लहान, रेषाळ आणि चांगलंच झणझणीत. 'दोन इंच आलं' हे माप तर निव्वळ फसवं, कारण इथला दोन इंचाचा तुकडा जाडीला आपल्या आल्याच्या दुप्पट भरतो. म्हणून आलं वजनावरच घ्या. इथे ४० ग्रॅम लागत असेल तर भारतात सोललेलं २५ ग्रॅम पुरे.

साधारण ४०० मिली ड्रेसिंगसाठी बाकीचं साहित्य असं: कांदा ६० ग्रॅम, नारिंगी गाजर ५० ग्रॅम, सेलरीची अर्धी दांडी, तांदळाचं व्हिनेगर ६० मिली, सोया सॉस ३० मिली, लिंबाचा रस २ चमचे, टोमॅटो केचप १ मोठा चमचा, साखर २ चमचे, पाणी ३० मिली आणि बिनवासाचं तेल १०० मिली. चमचा ५ मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा. मीठ यादीत मुद्दाम नाही, सोया सॉसमध्ये ते भरपूर असतं. शेवटी चाखून लागलंच तर चिमूटभर.

यातल्या काही गोष्टींवर थांबायला हवं. कांदा पांढरा घ्या; अलिबागचा मिळाला तर सोनं, तो मुळातच गोडसर असतो. लाल कांद्याने ड्रेसिंगचा रंग मळकट तपकिरी होतो आणि उग्रपणाही वाढतो. तोच वापरायचा असेल तर चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि ते पाणी टाकून द्या. सेलरी मिळाली नाही तर सरळ वगळा. त्याऐवजी ओव्याचं पान घालायचा मोह होईल, पण मग बाकी कशाचीच चव लागत नाही. तांदळाच्या व्हिनेगरच्या बाटलीवर 'सीझन्ड' लिहिलं असेल तर त्यात साखर-मीठ आधीच असतं, मग साखर घालू नका. साधं पांढरं व्हिनेगर जास्त टोचतं. ४५ मिली व्हिनेगरमध्ये १५ मिली पाणी मिसळून ६० मिली करा. सोया सॉस 'लाइट' हवा. चायनीजच्या गाडीवरचा दाट, काळा 'डार्क' सॉस घातला की गाजराचा रंग गेलाच म्हणून समजा.

तेलात चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही. सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रानचं रिफाइंड तेल चालतं. घाण्याचं शेंगदाणा तेल आल्यावर कुरघोडी करतं. ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरलं की कडवट होऊ शकतं, शिवाय फ्रिजमध्ये गोठतं. जपानी पाककृतीत तिळाचं तेल दिसलं तर ते भाजलेल्या तिळांचं, गडद आणि खमंग असतं. ते वासापुरतं, फार तर अर्धा चमचा. आपलं नेहमीचं तिळाचं तेल त्याची जागा घेत नाही.

आलं आधी रेषांना आडवं कापून पातळ चकत्या करा. उभं कापलं तर रेषा मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात आणि खाताना दातात येतात. चटणीच्या भांड्यात आलं, गाजर, सेलरी आणि व्हिनेगर घालून मिक्सर थांबत-थांबत चार-पाच वेळा फिरवा. मग कांदा घाला आणि आणखी दोन-तीनच वेळा फिरवा. कांदा नंतर घालायचा कारण तो जितका वाटला जातो तितका उग्र आणि कडू होतो. फसलेल्या ड्रेसिंगपैकी निम्मी तरी इथेच फसलेली असतात, आणि नंतर कितीही साखर घातली तरी तो कडवटपणा जात नाही. आता सोया सॉस, लिंबू, केचप, साखर आणि पाणी घालून एकदा फिरवा. बारीक रव्याइतके कण राहायला हवेत; गुळगुळीत पेस्ट झाली की ती पानांवर थापल्यासारखी बसते.

तेल सर्वांत शेवटी, तीन-चार हप्त्यांत, दर वेळी दोन सेकंद फिरवून. भाज्यांचा गर तेलाचे थेंब धरून ठेवतो, म्हणून अंड्याशिवाय मिश्रण दाटसर राहतं. तासाभराने तेल थोडं वर आलंच तर बाटली हलवली की पुरे, ते बिघडलेलं नसतं. मात्र ड्रेसिंग मलईदार करायच्या हौसेने दही घालू नका. कच्च्या आल्यातलं एक विकर दुधातली प्रथिनं तोडतं, आणि ते ड्रेसिंग ठेवलं की पातळ आणि कडसर होतं.

केल्या-केल्या चाखलं तर आलं आणि व्हिनेगर वेगवेगळी बोलतात. काचेच्या बाटलीत दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, मग साखर-मिठाचा निर्णय घ्या. पाच दिवसांत संपवा. पुढे आल्याचा ताजा वास उतरतो आणि कांद्याचा चढतो.

लेट्यूसची पानं हाताने तोडून दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात टाका आणि मग सुती पंच्यात गुंडाळून अगदी कोरडी करा. ओल्या पानावरून ड्रेसिंग घसरतं आणि वाटीच्या तळाशी तळं साचतं. दर वाटीला दोन मोठे चमचे, तेही वाढताना. कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी लावतो तोच हिशोब, नाहीतर पाणी सुटतं. लेट्यूस नसेल तर लांब चिरलेला कोबी किंवा काकडी चालते. गार नूडल्स आणि तव्यावर परतलेलं पनीर यांवरही ते छान लागतं.

इकडे येणार असाल आणि शाकाहारी असाल, तर रेस्टॉरंटमध्ये एकदा विचारून घ्या. काही ठिकाणच्या ड्रेसिंगमध्ये मेयोनेज म्हणजे अंडं असतं, तर काही वाफू प्रकारांत माशाचा अर्क. आणि गहू वर्ज्य असलेल्यांसाठी: नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यांनी गहू नसलेला तामारी घ्यावा, पण बाटलीवरची घटकांची यादी वाचूनच.