मे महिन्यातली गोदावरी आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर

हिमाचलात ट्राउटला गळ लावणारे जाणते लोक आधी पाणी किती गार आहे ते बघतात. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउट हैराण होतो, २५ च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. आपल्या गोदावरीत ट्राउट नाही. पण मे महिन्यात आपले मासे काय करत असतील, हे बघायला आम्ही मित्र गंगापूर धरणापासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत काठाकाठाने फिरून आलो.

धरणावर उजाडायच्या आत पोहोचा. नाशिक शहरापासून फार लांब नाही, रिक्षा नको, स्वतःची गाडी बरी. थर्मामीटरला वजन बांधून दोरीने खोल सोडा आणि थोडा वेळ तिथेच ठेवा, मग झटकन वर ओढून लगेच वाचा. वरचं पाणी कोमट, खालचं गार. पण गार म्हणजे चांगलं असं समजू नका. उन्हाळ्यात खोल धरणात वरचं-खालचं पाणी मिसळत नाही, त्यामुळे तळाला प्राणवायू कमी पडतो. मासे मग मधल्या थरात अडकतात: वर उकाडा, खाली गुदमर.

कारण सरळ आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि तापलेल्या पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. रोहू-कटला ३० अंशांना मजेत असतात, म्हणून आपल्याला वाटतं ऊन त्यांना बाधत नाही. बाधते ती ऊन आणि घाण यांची जोडी.

सोमेश्वरला धबधब्यात धार असेल तर पाण्यात हवा मिसळते. मे महिन्यात बहुतेक दगडच दिसतात. पुढे शहरात थांबण्यासारखं फारसं नाही. पानवेलींनी झाकलेल्या डोहाजवळ पहाटे जा, मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. रात्रभर सगळं प्राणवायू खात असतं, म्हणून पहाटच सर्वात वाईट वेळ. मरळ आणि चिलापी तग धरतात. मरळ तर हवेतून श्वास घेतो.

नांदूर मध्यमेश्वर नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. गाळाने उथळ झालेलं पाणी दुपारी भराभर तापतं. अभयारण्य आहे, गळ घेऊन जाऊच नका. धरणावरही ठेकेदाराला विचारल्याशिवाय टाकू नका.

दुपारी गळ टाकणं तर माझ्या मते क्रूरपणाच. मासा सोडायचा असेल तर हात ओले करून, पाण्यातच सोडा. आधीच दमलेला असतो. टोपी, पाणी आणि चपलांऐवजी बूट हवेतच, काठावर काटे फार.

पहिल्या पावसानंतर पुन्हा जाणार. नाल्यांतली साचलेली घाण तेव्हा एकदम नदीत उतरते आणि मासे मरतात ते बऱ्याचदा त्याच आठवड्यात. यायचं असेल तर या, दोरी मात्र आपापली आणा.