सर, साइडबॉटम हे काय आडनाव झालं?

मी इंग्रजी शिकवतो आणि क्रिकेट बघतो. एवढ्या भांडवलावर लोक मला हमखास हा प्रश्न विचारतात, आणि विचारताना हसू दाबतात. 2007 साली इंग्लंडचा रायन साइडबॉटम, डोक्यावर कुरळ्या केसांचं रान घेऊन, द्रविडच्या संघाला डावखुरी गोलंदाजी टाकत होता, तेव्हापासूनचं हे. पुढच्या वर्षी त्याने हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली, पण आमच्याकडे चर्चा आडनावाचीच. वर्गात एका पोराने पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी "असतात रे एकेक" म्हणून फळ्याकडे वळलो होतो. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

यातला 'बॉटम' तुमच्या मनातला नव्हे. जुन्या इंग्रजीत हा शब्द डोंगरांमधल्या खोऱ्याच्या सपाट तळाला होता. आणि 'साइड' म्हणजे इथे बाजू नाही. ते जुन्या इंग्रजीतलं 'सीड', म्हणजे रुंद. रुंद खोऱ्याच्या तळाशी राहणारा, तो साइडबॉटम. आपल्याकडे दऱ्याचा दरेकर होतो, तसंच. आणि तळकोकणातल्या माणसाला आपण हसतो का?

इंग्लंडच्या उत्तरेला, पेनाइन डोंगरांच्या कुशीत, लँकेशायर-यॉर्कशायर-चेशायरकडे अशी आडनावं उदंड. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं चारायचं खोरं. शफलबॉटमच्या मुळाशी मेंढ्यांचा झरा आहे. रॅम्सबॉटम हे तर गावच आहे. ते मेंढ्यांचं खोरं की रानलसणीचं, यावर अजून दोन मतं आहेत. माझं मत लसणीला. ओलसर सावलीत तीच माजते, आणि तिच्या वासाने खोरं ओळखता येतं.

ही आडनावं साधारण 13व्या-14व्या शतकात रुजली. 'बॉटम'ला ढुंगणाचा अर्थ चिकटला 18व्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे चारेकशे वर्षं ही मंडळी निर्धास्त नांदत होती. विनोद मागाहून आला. आपल्या गाढवे-दहातोंडे मंडळींना तेवढीही सवलत मिळाली नाही.

एक गंमत मी शेवटी राखून ठेवतो. 'बॉटम' या जुन्या शब्दाचं 'थ'वालं रूपही होतं, आणि त्यावरूनही आडनाव पडलं. ते सांगितलं की हसणारे जरा गप्प होतात, कारण 1981च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ॲशेस मालिकेपासून इंग्लंडच्या त्या अष्टपैलूचं नाव त्यांनी आदरानेच घेतलेलं असतं : बोथम.