कोर्स पूर्ण करतोय, डॉक्टर

आमचं हॉस्पिटल छोटं, सर्जन म्हणून मी आणि अजून एक सिनियर, आणि पेशंट येतात ते लांबून, काही जण तर दोन-दोन तास गाडी चालवून. त्यामुळे ऑपरेशननंतर घरी सोडताना दुखण्याच्या गोळ्या सढळ हाताने लिहायच्या ही सवयच पडून गेलेली. ऑक्सिकोडोन, म्हणजे ओपिऑइड, अफूच्या जातीचं जोरदार वेदनाशामक, 5 मिलिग्रॅम, 30 गोळ्या. हर्निया असो नाहीतर पित्ताशय, 30. का 30 ते कुणी सांगू शकणार नाही, कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा आपोआप यायचा आणि मी एंटर दाबायचो.

तर त्या दिवशी सकाळी एक काका आले, हर्नियाच्या ऑपरेशनचा सहावा दिवस, पोट फुगलेलं, चेहरा उतरलेला, चार दिवस संडासला झालेली नाही आणि कुंथून कुंथून बेजार. मला आधी धास्ती हर्नियावर आत बसवलेल्या जाळीची, एवढा जोर लावल्यावर ती सरकली की काय. तपासलं तर जखम छान, जाळी जागेवर, फक्त खाली शौचाचा खडा बसलेला. ओपिऑइडने आतड्यांची हालचाल मंदावते, हे आम्ही सगळे परीक्षेत लिहून पास झालोय, पण घरी पाठवताना सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहायचं मात्र मी विसरलो होतो.

विचारलं, "काका, दुखतंय का फार?"

"छे हो, तिसऱ्या दिवसापासून काही नाही."

"मग या गोळ्या?"

"त्या घेतोय ना वेळेवर. रात्री दोनचा गजर लावून उठतो. कोर्स अर्धवट सोडायचा नसतो, तुम्हीच सांगता."

मी गप्प. सिस्टरने बाटली ट्रेमध्ये ओतली आणि दोन-दोन करत मोजली, 8 उरल्या होत्या, म्हणजे 22 पोटात गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त काहीही दुखत नसताना. बाटलीवर ठळक छापलेलं 'दर 6 तासांनी एक', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'दुखल्यास'. पिशवीत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनची पाकिटं होती, दोन्ही न फोडलेली. का, तर "ती साधी गोळी, ती कशाला." खरं म्हणजे नियमाने घ्यायची तीच होती (किडनी नि अल्सरचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन वगळून) आणि लागलीच तर ऑक्सिकोडोन, पण आम्ही सांगितलंच उलटं. नशीब झोपेच्या गोळ्या चालू नव्हत्या, त्या आणि ओपिऑइड मिळून श्वासच मंदावतो.

एनिमा दिला, दुपारपर्यंत काका मोकळे झाले, मी काही झालो नाही. 2018 साली जामा सर्जरी या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकेतल्या मिशिगनचा अभ्यास मी पूर्वी वाचलेला होता, 33 हॉस्पिटलं, साधारण 2400 पेशंट, मध्यक (म्हणजे बरोबर मधल्या पेशंटचा आकडा) बघितला तर लिहिलेल्या गोळ्या 30 आणि घेतलेल्या 9. पण त्यातली दुसरी गोष्ट मला त्या दिवशी कळली, किती गोळ्या खाल्ल्या जातील हे ठरवणाऱ्या गोष्टींत सगळ्यात मोठी ठरली ती म्हणजे किती लिहून दिल्या! एक जास्त लिहिली की सरासरी अर्धी जास्त जाते पोटात. आकडा आपण दिला की पेशंटला वाटतं एवढं दुखणारच असेल.

सिनियरांना सांगितलं तर म्हणाले, "कमी लिही हवं तर, पण रविवारी फोन आला तर तू उचल." चिडून बोलले पण खरं बोलले. त्या 30 पैकी निम्म्या आमच्या रविवारच्या शांततेसाठी होत्या, पेशंट लांब, नवीन चिठ्ठीसाठी त्याला परत यावं लागणार, त्यापेक्षा आधीच भरपूर द्या.

मग फोनच आम्ही करायचा ठरवलं. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी सिस्टर स्वतः विचारते, दुखतंय का, संडासला झाली का. कॉम्प्युटरमधला 30 काढून टाकायलाच तीन आठवडे लागले, त्याचं रामायण वेगळं. हर्नियाला आता मी दहाच्या वर जात नाही, बऱ्याच जणांना एकही देत नाही, आणि रविवारचे फोन म्हणाल तर आत्तापर्यंत दोन आले, त्यातला एक ड्रेसिंग भिजलं म्हणून.

काका त्या दिवशी निघताना उरलेल्या 8 गोळ्या परत द्यायला तयार होईनात. घरात असू द्यात म्हणाले, बायकोचे गुडघे दुखतात. बरंच समजावलं तेव्हा बाटली सिस्टरच्या हातात ठेवली, तिने नोंद करून सही घेतली. दारापर्यंत गेले आणि वळून पॅरासिटामॉलचं पाकीट वर धरून विचारतात, "मग याचा तरी कोर्स पूर्ण करू ना?"