५४ किलो वजन आणि बॉर्डरवरची शुगर

"तुला? तुझ्या अंगावर मांस तरी आहे का शुगर व्हायला?" माझा रिपोर्ट आला तेव्हा सासूबाईंपासून पतसंस्थेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी थोड्याफार फरकाने हेच विचारलं. वय ४४, वजन ५४ किलो. उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा. डायबेटिस नाही, पण तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहोत.

डॉक्टरांनी वजनाकडे फारसं लक्षच दिलं नाही. टेप काढून कंबरेचा घेर मोजला, तो ८५ सेंटिमीटर निघाला. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० ही हद्द धरतात. हातपाय काडीसारखे आणि चरबी सगळी पोटावर, असा माझा प्रकार. मग त्यांनी विचारलं, "बाळंतपणात शुगर वाढली होती?" धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात वाढली होती खरी. बाळंत झाल्यावर उतरली, आणि रात्रीची जागरणं, लंगोट, पुन्हा नोकरी यात तो विषय मागे पडला. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे टाइप २ डायबेटिस होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. माझ्या आईला डायबेटिस आहेच.

बारीक माणसालाही हे होतं, याचा उलगडा पुण्यातच झालेला आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर सारखेच, आतून वेगळे. हे वाचल्यावर "तू तर बारीक आहेस" याला उत्तर मिळालं.

पण मग करायचं काय? नेटवर जो तो सांगतो, सात टक्के वजन उतरवा. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात तेच ध्येय होतं, जोडीला आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, आणि त्यातून डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ते लोक वजनदार होते. मी चार किलो उतरवले तर मला वारा घेऊन जाईल. मला धीर दिला तो चेन्नईच्या अभ्यासाने. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने बॉर्डरवरच्या ५३१ जणांचा साधारण तीन वर्षं पाठपुरावा केला आणि २००६ साली निष्कर्ष छापले. काहीच न बदललेल्यांपैकी ५५ टक्क्यांना डायबेटिस झाला. चालणं वाढवून खाणं सुधारलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं! म्हणजे काटा हलला नाही तरी आत काहीतरी सुधारतं.

ते बरंचसं स्नायूंत. जेवणातून आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि हलता स्नायू इन्सुलिनच्या फार मिनतवाऱ्या न करता साखर ओढून घेतो. माझ्याकडे स्नायूच कमी. दिवसभर कॅशच्या खिडकीमागे बसून येणार कुठून? म्हणून रोज संध्याकाळी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करते आणि पाण्याचे पाच लिटरचे कॅन उचलते. रविवारी इथला साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढते. आधी वाटेतल्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंतच दम लागायचा. इतर दिवशी जेवण झालं की पंधरा मिनिटं गल्लीत फेऱ्या. शेजारच्या काकू विचारतात, "कुणाची वाट बघतेस गं?"

खाण्यात खरी झटापट झाली ती उपवासाशी. आमच्या घरी गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, वर श्रावण. एकादशी, दुप्पट खाशी हे आमच्या घराला तंतोतंत लागू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत बटाटा, शेजारी बटाट्याचा पापड, वर गोड दही. उपवास सोडा म्हणणं सासूबाईंपुढे शक्य नव्हतं आणि मलाही ते नको होतं. तह असा झाला: भगर वाटीभरच, शेंगदाण्याची आमटी भरपूर, काकडी, ताक. साबुदाणा फक्त आषाढीला.

डब्यात पूर्वी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात असायचा. आता ज्वारीची एक भाकरी, एक पालेभाजी आणि मटकी, हुलगे किंवा वाघ्या घेवडा. आधी काकडी-उसळ खाते, भाकरी नंतर. ज्वारीबद्दल एक सांगते: भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या तर त्याही साखरच वाढवणार. तेच गुळाच्या चहाचं. हल्ली जिकडे तिकडे 'गुळाचा चहा' असे बोर्ड दिसतात आणि माणसं बिनधास्त दोन-दोन कप पितात. गूळ रक्तात साखरेसारखाच वागतो. मी चहा बिनसाखरेचा केला. पहिला आठवडा तो काढ्यासारखा लागला, आता गोड चहा गिळवत नाही. मेथीचं पाणी, कारल्याचा रस सुचवणारे रोज भेटतात. प्यायला हरकत नाही, पण त्याच्या जोरावर वडापाव पचवायचा विचार असेल तर कठीण आहे.

कंदी पेढ्याचं विचारू नका. साताऱ्यात राहायचं आणि प्रत्येक बारशाला, बढतीला, निकालाला तो हातावर येणार. अर्धा घेते, उरलेला नवऱ्याला देते. त्याचीही तपासणी व्हायची आहे, हे त्याला अजून पटायचंय.

गोळ्या डॉक्टरांनी सध्या दिल्या नाहीत. काहींना या टप्प्यावर मेटफॉर्मिन देतात, ते डॉक्टरांनी ठरवायचं. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आला. घेर ८५ वरून ८१. वजन अजून ५४च.

कोरेगावला माझी धाकटी बहीण असते. तिलाही बाळंतपणात शुगर निघाली होती, आणि तीही माझ्यासारखीच सडपातळ. अशा बायकांनी नंतर आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करायची असते. तिला फोन केला तर म्हणाली, "ताई, मला काही त्रास नाही गं." या टप्प्यावर बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, मलाही नव्हता. शनिवारी सकाळी मी तिला उपाशीपोटी घेऊन लॅबमध्ये चाललेय.