जुना फ्रिज, नोंद ३ : या वेळी पाणी काढलं

मागच्या नोंदीत जुन्या फ्रिजमध्ये नव्याने गॅस भरून "झालं, गार होतोय" असं लिहून मी मोकळी झाले होते. ते शब्द मागे घेते. दोन दिवस फ्रिज झकास चालला. तिसऱ्या दिवशी फ्रीझरमधला सुस्स आवाज (गॅस वाहत असल्याची खूण) एकदम बंद. कॉम्प्रेसर चालू, पण कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी मागची जाळी) कोमट आणि लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा शून्याच्याही खाली. कॅपिलरी (गॅसची केसासारखी बारीक नळी) इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे फ्रीझर गार करणाऱ्या भागात, शिरते त्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरलं. अर्ध्या मिनिटात आत फुर्र झालं आणि सुस्स पुन्हा सुरू. कचऱ्याने चोक झालेली कॅपिलरी फडक्याने सुटत नाही. म्हणजे आत पाणी राहिलं होतं आणि ते कॅपिलरीच्या तोंडाशी गोठत होतं.

चूक माझीच. गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची असते, तो व्हॅक्यूम. मॅनिफोल्डचा (दाब दाखवणाऱ्या डायलच्या जोडीचा) काटा व्हॅक्यूमच्या टोकाला, ३० इंचांवर टेकला, वर वीस मिनिटं पंप चालवला, की व्हॅक्यूम झाला असं मी धरून चालले होते. खोल व्हॅक्यूम मायक्रॉनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम खोल. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन. २५ अंशांना पाणी उकळायला लागतं ते सुमारे २४,००० मायक्रॉनला, आणि ते सगळं बाहेर पडलंय अशी खात्री वाटायला ५०० च्या खाली जावं लागतं. डायलवर ५,००० आणि ५०० यांतला फरक काट्याच्या जाडीतच लपतो. तो काटा बघून व्हॅक्यूम झाला म्हणणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर अंगठी तोलणं.

म्हणून या वेळी मायक्रॉन गेज मिळवलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. गॅस हवेत न सोडता रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढला (८० टक्क्यांपलीकडे भरायचा नाही, हे नव्यांसाठी). जुना फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा धरणारी डबी) टॉर्चने न सोडवता कटरने कापला. तापवला की त्याने धरून ठेवलेलं पाणी परत पाइपात जातं. गेल्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं.

नवा ड्रायर जास्तीची नळी असलेला घेतला, आणि मला वाटतं खरा फरक इथेच पडला. आधी मी फक्त कॉम्प्रेसरच्या चार्जिंग लाइनवरून (गॅस भरायच्या नळीवरून) व्हॅक्यूम मारला होता. तसं केलं की कंडेन्सरमधली सगळी हवा आणि वाफ मिलिमीटरपेक्षा बारीक कॅपिलरीतून ओढावी लागते. पंपाजवळचं गेज उत्तम आकडा दाखवतं आणि पलीकडे ओल तशीच बसलेली असते. आता दोन्ही बाजूंनी होज लावल्या, व्हॉल्व्हमधल्या पिना काढल्या आणि गेज पंपापासून सगळ्यात लांब, ड्रायरच्या बाजूला ठेवलं.

टॉर्चने सांधे जोडून (ब्रेझिंग) झाल्यावर कोरड्या नायट्रोजनचा १५० पीएसआय दाब देऊन रात्रभर ठेवला, सांध्यांना साबणाचा फेस लावला. लीक नाही. (ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.)

मग पंप लावला तर आकडा २,३०० वर अडकला. तासभर तिथेच! पुन्हा सगळे सांधे तपासायला निघाले होते, तेवढ्यात सुचलं म्हणून गेज थेट पंपाला लावून पाहिलं. तिथेही १,९०० च. पंपाच्या काचेतून तेल दुधाळ दिसत होतं. म्हणजे मागच्या वेळची ओल पंपाच्या पोटात होती. पंप गरम असतानाच तेल बदललं, आणि एकटा पंप ६० पर्यंत गेला. यापुढे दर कामाला नवं तेल.

आता सिस्टिम चाळीस मिनिटांत ७०० वर आली. पंप व्हॉल्व्हने तोडला आणि घड्याळ घेऊन बसले. एका मिनिटाला ९००, पाचला १,३००, दहाला १,५००, पंधराला १,५२०. लीक असती तर आकडा चढतच राहिला असता. इथे चढून थांबला, म्हणजे आत अजून ओल होती, थोडा तेलात विरघळलेला गॅसही असेल. या फ्रिजच्या आर-१३४ए गॅससोबतचं, कॉम्प्रेसरमधलं एस्टर तेल ओल सहजी सोडत नाही. नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडायचा, पुन्हा पंप, असं तीन वेळा केलं. मधल्या वेळात कॉम्प्रेसरची डबी हेअर ड्रायरने कोमट ठेवली. कॉम्प्रेसर चालवून तो तापवायचा मोह झाला होता, पण खोल व्हॅक्यूममध्ये त्याच्या टर्मिनलवर आतल्या आत ठिणगी पडून वाइंडिंग जाऊ शकतं. तिसऱ्या फेरीला ३१०, आणि पंप तोडून वीस मिनिटांनी ४३०. तिथेच स्थिर.

गॅस भरणं त्यामानाने सोपं. फ्रिजच्या प्लेटवर गॅसचं वजन ११० ग्रॅम लिहिलेलं, सिलिंडर ग्रॅमच्या काट्यावर उभा, होजमधली हवा आधी काढलेली. बंद कॉम्प्रेसरवर जेवढा ओढला जाईल तेवढा जाऊ दिला, उरलेला कॉम्प्रेसर चालू करून हळूहळू. सगळा वाफेच्या रूपात. दीड मीटरच्या होजमध्ये वाफ राहिली तर ग्रॅमभराचा प्रश्न, पण द्रव राहिला तर ३०-३५ ग्रॅमचा घोळ, आणि ११० मध्ये तो परवडत नाही. गेज बघून "अजून थोडा" म्हणायची सवय मोडायला मात्र हात मागे बांधावे लागले. हे सगळं आर-१३४ए चं. आर-६००ए गॅसच्या फ्रिजला याच क्रमाने हात लावू नका, तो गॅस पेट घेतो, तिथे टॉर्चचं कामच नाही.

पाच तासांनी फ्रीझर उणे १९, बर्फाचा थर इव्हॅपोरेटरच्या शेवटपर्यंत सारखा, लो साइड ३ पीएसआय. आज सहावा दिवस, सुस्स चालू आहे. चार्जिंग लाइन अजून पिंच करून (चिमटून) कायमची बंद केलेली नाही. व्हॉल्व्ह आणखी आठवडाभर तसाच ठेवतेय.