जनुकाची रात्र आणि आठ वाजताचा नियम

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला येऊन मला आता आठवा महिना लागला आहे. इथली थंडी, इथला पाव, रविवारी बंद असणारी दुकाने यांवर आधीच पुष्कळ लिहून झालेले असल्यामुळे मी आजवर गप्प होते. पण नोव्हेंबरातल्या एका रात्री पावणेनऊ वाजता मला माझ्याच प्रयोगावरून उठवून घरी पाठवण्यात आले, आणि ती गोष्ट इतक्या महिन्यांनंतरही मनातून जात नाही.

प्रकार असा झाला. प्रयोगशाळेतल्या लहान खोलीत मी लाल दिवा लावून बसले होते. शेजारी द्रव नायट्रोजनचे भांडे भरून ठेवले होते आणि दहा वाजण्याची वाट पाहत मी नळ्यांवर खुणा करत होते. सुरक्षेची जबाबदारी असलेल्या बाई दारात आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्यासोबत कोण आहे?" कोणीच नव्हते. आमच्याकडे रात्री आठनंतर द्रव नायट्रोजनचे काम एकट्याने करायचे नाही, असा नियम आहे. त्यांनी भांड्यावर झाकण ठेवले, ते उचलून नेले आणि मी कोट चढवेपर्यंत शांतपणे थांबून राहिल्या. आवाज चढला नाही, अपमान झाला नाही, पण चार दिवसांची तयारी वाया गेली. नेकार नदीच्या पुलावरून घरी जाताना मला रडू आवरले नाही.

माझा प्रयोग फळमाशीच्या पीरियड या जनुकावर आहे. माशीच्या शरीरातले दिवस-रात्रीचे घड्याळ चालते ते या जनुकामुळे. जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे पेशीने जनुक वाचून वापरणे, म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिव्याचे बटण येते, म्हणजे जनुक एक तर चालू असेल नाही तर बंद. पीरियडच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटीचा दाखला अधिक लवकर पटेल. क्लॉक आणि सायकल ही दोन प्रथिने या जनुकावर बसतात आणि त्याचे वाचन सुरू करतात. त्या वाचनातून तयार होणारी जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, वाढत जातो आणि माश्यांच्या कपाटातले दिवे मालवल्यानंतर रात्रीच्या पहिल्या प्रहरांत त्याला भरती येते. त्या आरएनएवरून तयार होणारे प्रथिन मात्र काही तास मागे राहते, कारण डबलटाइम नावाचे विकर त्याला फॉस्फेट जोडून मोडीत काढत असते आणि टाइमलेस हे दुसरे प्रथिन जोडीला मिळाल्यावरच ते टिकते. पुढे हे प्रथिन केंद्रकात शिरून क्लॉक आणि सायकल यांनाच अडवते, म्हणजे आपल्याच जनुकाचे वाचन थांबवते. सकाळी उजेड पडला की क्रिप्टोक्रोम या उजेड टिपणाऱ्या प्रथिनामुळे टाइमलेस नष्ट होते, हळूहळू पीरियडही संपते आणि वाचन पुन्हा सुरू होते. या सगळ्याला सुमारे चोवीस तास लागतात. 1971 मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी या एकाच जनुकात बिघाड असलेल्या तीन प्रकारच्या माश्या शोधल्या. एकीचा दिवस 19 तासांचा होता, दुसरीचा 28 तासांचा, आणि तिसरीला दिवस-रात्रीचा काही ठावच नव्हता. 1990 मध्ये हार्डिन, हॉल आणि रॉसबॅश यांनी या जनुकाच्या आरएनएचीच भरती-ओहोटी मोजून दाखवली, आणि 2017 चे नोबेल हॉल, रॉसबॅश व यंग यांना मिळाले.

भरती मोजायची तर किनाऱ्यावर रात्रंदिवस उभे राहावे लागते. दर चार तासांनी पन्नास माश्या नळीत घ्यायच्या आणि ती नळी नायट्रोजनमध्ये सोडायची, म्हणजे पेशीत त्या क्षणी जे चालले असेल ते तिथेच गोठते. मग नळी जोराने हलवायची. गोठलेल्या माश्यांची डोकी मानेपासून सुटतात, पाय आणि पंख मोडतात. कोरड्या बर्फावर थंड केलेल्या दोन चाळण्यांमधून सगळे गाळले की वरच्या चाळणीत धडे अडकतात, खालच्या चाळणीत डोकी राहतात आणि पंखा-पायांचा चुरा खाली पडतो. आपल्याकडे पीठ आणि कोंडा वेगळा करतात तसेच ते काम आहे, फक्त श्वास जोराने सोडला तरी दाणे उडतील एवढे ते हलके असतात. त्या लालसर डोळ्यांच्या डोक्यांतून आरएनए काढायचा, त्याचा डीएनए करून घ्यायचा आणि यंत्रात त्याच्या प्रती वाढवत न्यायच्या. प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट होतात आणि पुरेशा झाल्या की नमुना यंत्रात उजळतो. एखादा नमुना दुसऱ्याच्या तीन फेऱ्या आधी उजळला, तर त्यात आठपट माल होता असे समजायचे. अंधारातले नमुने लाल दिव्यात घेतात, कारण माशीच्या घड्याळाला लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही.

हे सगळे मी पुण्यात शिकले आणि ते रात्री जागूनच शिकले. तिथे आम्ही तिघी पाळ्या लावत असू. दोन वाजताच्या नमुन्याआधी वॉचमनकाका स्वतःच्या थर्मासातला चहा कपात ओतून देत आणि "आज किती माश्या मारणार?" असे विचारत. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत माश्यांच्या कपाटाचे दार कोणीही उघडायचे नाही, एवढी शिस्त आम्हाला होती. अभिक्रियेचे मिश्रण कोरड्या बर्फात परदेशातून येई आणि त्याला आठवडेच्या आठवडे लागत, म्हणून एकही थेंब वापरण्याआधी संपूर्ण प्रयोग कागदावर मांडून गुरुजनांना दाखवावा लागे. इथे मिश्रण परवा मागवले की आज हजर असते, आणि माझे सहकारी कागद हातात घेण्याआधी पिपेट हातात घेतात. प्रयोग आधी डोक्यात पुरता लावून घेण्याची सवय मला टंचाईने लावली, आणि त्या सवयीचा मला मनापासून अभिमान आहे.

म्हणून त्या रात्री मला वाटले की या लोकांना कामाची किंमत कळत नाही. इथला कायदा म्हणतो की दिवसाला दहा तासांहून अधिक काम नाही आणि दोन दिवसांच्या कामात सलग अकरा तासांची विश्रांती हवी. सतत चालणाऱ्या संशोधनाला रविवारची सूट त्याच कायद्यात आहे, पण नायट्रोजनबाबत आमच्या प्रयोगशाळेचा नियम त्याहून कडक आहे. माझा आक्षेप साधा होता. पीरियडचा आरएनए रात्री चढतो. जनुक कायदा वाचत नाही. दिवसा काम करा असे सांगणे म्हणजे दुपारी चांदणे मोजा असे सांगणे आहे, हे मी दुसऱ्या दिवशी बैठकीत जवळजवळ याच शब्दांत बोलले.

मला जे उत्तर मिळाले ते मी इथे प्रामाणिकपणे लिहिते. एक लिटर द्रव नायट्रोजनची वाफ झाली की सुमारे सातशे लिटर वायू होतो. आमची खोली लहान आहे. भांडे लवंडले तर हवेतला प्राणवायू कमी होतो, आणि तो कमी झाल्याचे माणसाला कळत नाही, गुदमरल्यासारखे वाटतही नाही, तो सरळ खाली पडतो. सोबत दुसरे माणूस असेल तर ते दार उघडून मदत बोलावू शकते. पुण्यात आम्ही हेच भांडे जिन्यावरून हातात घेऊन चढत होतो, हे तेव्हा मी बोलले नाही. मात्र आजही मला असे वाटते की पुण्यात आम्ही एकट्या कधी नसायचोच. वसतिगृह पाच मिनिटांवर होते, शेजारच्या खोलीत कोणीतरी आपला प्रयोग चालवत बसलेले असायचे आणि काका दर तासाला फेरी मारत. तिथे नियम लिहिलेला नव्हता, पण सोबत होती. इथे आठनंतर त्या लांब मार्गिकेत आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो, म्हणूनच इथे तो नियम लिहावा लागला असावा.

मार्ग काढला तो आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी. त्यांनी मला दुसरे कपाट दिले आणि त्यातले दिवे उलटे लावले, म्हणजे रात्री आठला लागणारे आणि सकाळी आठला मालवणारे. पहिल्या कपाटात सकाळी आठला उजाडते, दुसऱ्यात सकाळी आठला मावळते. चार दिवसांत माश्या त्या वेळेला रुळतात. मग सकाळी दहा वाजता पहिल्या कपाटातून उजाडल्यानंतरच्या दुसऱ्या तासाचा नमुना मिळतो आणि दुसऱ्यातून चौदाव्या तासाचा. दुपारी दोनला सहावा आणि अठरावा, संध्याकाळी सहाला दहावा आणि बाविसावा. तीन वेळा हात घातला की पूर्ण चोवीस तास हाती येतात. ही युक्ती जुनीच आहे. मला ती पुस्तकातून माहीतही होती, पण पुण्यात चांगले कपाट एकच असल्याने ती वापरण्याची वेळ कधी आली नव्हती.

तरीही माझी खात्री पटेना. दिवसा इमारतीत लोकांची ये-जा असते, दारे आपटतात, शेजारची यंत्रे थरथरतात. माशीच्या घड्याळाला उजेड हा मोठा इशारा असला तरी तापमानातला थोडासा फरकही त्याला कळतो. उलट्या कपाटातली रात्र ही खरी रात्र आहे, हे मला एकदा तरी खऱ्या रात्रीशी ताडून पाहायचे होते. मी तसे लिहून दिले. डिसेंबरात परवानगी आली, अट एवढीच होती की दोन माणसे हवीत आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावी लागेल. माझ्यासोबत कोण थांबणार, हा प्रश्न मी विचारायच्या आत तंत्रज्ञ बाईंनी वहीत स्वतःचे नाव लिहून टाकले. त्यांचे वय साठीच्या जवळ आहे आणि त्या रोज चाळीस मिनिटे बसने येतात.

त्या रात्री त्यांनी घरून मसुरासारखी डाळ आणि श्पेट्सले आणले होते, म्हणजे इथल्या श्वाबेन भागातले जाडसर, मऊ शेवयांसारखे पदार्थ. मी त्यावर साताऱ्याहून आलेली शेंगदाण्याची चटणी घातली आणि त्यांनी ती दोनदा मागून घेतली. दहाचा नमुना घेतला, दोनचा घेतला. मधल्या वेळात त्या सांगत होत्या की त्यांच्या तरुणपणी इथेही रात्र रात्र काम चालायचे आणि सकाळी टेबलावर डोके ठेवून झोपलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. सहाचा नमुना गोठवला तेव्हा बाहेर अजून मिट्ट काळोख होता. त्या चाळण्या धुवत होत्या, मी नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये लावत होते, आणि पुण्यातल्या रात्रींनंतर प्रथमच मला या शहरात आपले कोणीतरी आहे असे वाटले.

दोन आठवड्यांनी आलेख आला. खरी रात्र आणि उलट्या कपाटातली रात्र यांचे बिंदू एकमेकांवर बसले. नियमाने माझ्या विज्ञानाचे काही नुकसान केले नव्हते, हे मला मान्य करावे लागले. पण ते ताडून पाहिल्याशिवाय मान्य करणे बरोबर झाले नसते, हेही मी बैठकीत सांगितले.

या गावात असा हट्ट धरायला एक वेगळे बळ येते. फ्रीडरिख मीशर यांनी 1869 मध्ये इथल्या किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात, रुग्णालयातून आलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून न्यूक्लिन वेगळे केले, ज्याला आपण आज डीएनए म्हणतो. त्या खोलीत उभे राहिले की जाड भिंती आणि छोट्या खिडक्या पाहून माणूस गप्प होतो. जैविक घड्याळांच्या अभ्यासाचे एक जनक एर्विन ब्युनिंग याच विद्यापीठात होते, आणि त्यांच्याकडे 1960च्या दशकात आपले एम. के. चंद्रशेखरन येऊन माश्यांवर काम करून गेले. पुढे मदुराईला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेच्या कायमच्या अंधारात पिंजऱ्यात ठेवलेली वटवाघळे बाहेर जा-ये करणाऱ्या थव्याच्या वेळेला स्वतःची वेळ जुळवून घेतात, हे दाखवले. इथल्या सहकाऱ्यांपैकी एकाला हे नाव ठाऊक नव्हते. मी त्याला त्यांचा 1981 चा निबंध छापून दिला आणि दुसऱ्या दिवशी तो वाचलास का, असे विचारलेही.

आता नवीन प्रयोग सुरू आहे आणि त्यात रात्री कोणालाच थांबावे लागत नाही. पीरियडच्या नियंत्रक भागाला काजव्याचे ल्युसिफरेज जनुक जोडलेल्या या माश्या आहेत. त्यांच्या अन्नात ल्युसिफेरिन मिसळले की पीरियडचे वाचन चालू असताना माशी प्रकाश देते. डोळ्यांना तो दिसत नाही, यंत्र तो मोजते, आणि तीच माशी जिवंतपणी दिवसेंदिवस मोजता येते. 1997 मध्ये याच पद्धतीने दिसून आले की घड्याळ केवळ मेंदूत नसते. माशीची स्पर्शिका, पंख आणि पाय वेगळे काढून ठेवले तरी आपापल्या लयीत उजळत राहतात. ऑक्टोबरात मी इथे आले तेव्हा झोप चार दिवसांत जाग्यावर आली, भूक मात्र दोन आठवडे भारतीय वेळेने लागत होती. पोटालाही स्वतःचे घड्याळ असते हे वाचलेले होते, तरी स्वतःच्या पोटात अनुभवताना नवल वाटले. घरी आता भंडारदऱ्याला काजव्यांचे दिवस जवळ आले असतील. इथे शहाण्णव खळग्यांच्या पांढऱ्या ताटलीत माझ्या माश्या उजळतात, आणि सकाळी मी रात्रीचा चढलेला आलेख पाहते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे गेली. आमच्या कपाटांचे दिवे मात्र जुन्याच वेळेवर ठेवले आहेत, कारण तासाभराची उडी मारली तर माश्यांची लय काही दिवस विस्कटते. त्यामुळे दहाचा नमुना आता अकराला घ्यायचा असतो. हिवाळ्यात भारत आमच्या साडेचार तास पुढे होता, आता साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे दोन्ही ऋतूंत पहिली नळी नायट्रोजनमध्ये जाते तेव्हा साताऱ्यात अडीच वाजलेले असतात, आईचे जेवण उरकून ती पलंगावर टेकलेली असते. नळी सोडण्याआधीची पाच मिनिटे मी तिच्याशी बोलते. घड्याळे बदलली त्या सोमवारी तिने विचारले, "तुमच्याकडे वेळ बदलली ना, मग आज उशीर कसा नाही झाला?"