फॉरमॅट नको म्हटलं होतं: माझ्या स्लो लॅपटॉपचा अनुभव

लॅपटॉप दुरुस्तीला देणार असाल तर आधी दोन फोटो काढून ठेवा. एक लॅपटॉपच्या तळाचा, स्क्रू नीट दिसतील असा. दुसरा टास्क मॅनेजरचा, डिस्कचा आकडा दिसेल असा. माझ्याकडे हे दोन्ही फोटो होते, म्हणून पुढचं सगळं मी ठामपणे लिहितेय.

मी अमळनेरला राहते. घरी बसून काही कृषी केंद्रांचे आणि एका कापूस अडत्याचे हिशेब बघते. लॅपटॉप २०१८ मधला आहे. आय-थ्री प्रोसेसर, सातवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरणारी हार्डडिस्क. ऐन जूनमध्ये, बियाणं-खतांच्या बिलांचा ढीग समोर असताना, त्याने असहकार पुकारला. बटण दाबल्यापासून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडेपर्यंत दहा मिनिटांच्या वर जायची. उघडल्यावरही एक व्हाउचर सेव्ह केलं की स्क्रीन पांढरी पडायची आणि वरती ‘नॉट रिस्पाँडिंग’ यायचं. जीएसटीचं जीएसटीआर-१ हे रिटर्न अकरा तारखेपर्यंत आणि ३बी वीस तारखेपर्यंत भरायचं असतं. उशीर झाला की लेट फी लागते, आणि गिऱ्हाईक विचारतं ते मला, लॅपटॉपला नाही.

घरी करण्यासारखं होतं ते करून पाहिलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअपच्या टॅबमध्ये नको ते सगळं डिसेबल केलं. दोन अँटीव्हायरस होते, त्यातला एक काढला. सी ड्राइव्ह लालभडक झाला होता, तो मोकळा केला. फरक पडला, पण नावापुरता.

खरं उत्तर त्याच टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये होतं. मी काहीही करत नव्हते तरी डिस्क १०० टक्के. वेग मात्र सेकंदाला जेमतेम दीड एमबी, आणि रिस्पॉन्स टाइम तीन हजार मिलिसेकंदांच्या पुढे. प्रोसेसर बापडा दहा-बारा टक्क्यांवर रिकामा बसलेला. डिस्क पूर्ण वेळ राबतेय आणि हाती काहीच देत नाही, असा त्याचा अर्थ. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते चालवलं तर पिवळा चौकोन आणि त्यात ‘कॉशन’. खाली ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’पुढे शून्य हवं, तिथे शून्य नव्हतं. डिस्कचे काही भाग वाचताना अडतायत, असं ती स्वतःच सांगत होती.

हे सगळं घेऊन मी जळगावला गेले. अमळनेरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी एका दुकानाचं नाव सांगितलं होतं. मोठं दुकान, काचेचा दरवाजा, टोकन वगैरे. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, पण काउंटरवरचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

“फॉरमॅट मारावा लागेल, मॅडम.”

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. मी म्हटलं, आधी डिस्क तपासा, हा बघा फोटो. त्या मुलाने फोटोकडे पाहिलंच नाही. “विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅटशिवाय पर्यायच नाही.” लॅपटॉप अजून माझ्या पिशवीत होता. चालू न करताच निदान झालेलं! मी पुन्हा सांगितलं की यात टॅलीचा डेटा आहे, लोकांचे हिशेब आहेत, फॉरमॅट नको, डिस्कचा रिपोर्ट द्या. त्यावर तो म्हणाला, “साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.” माझे मिस्टर शाळेत गणित शिकवतात, या लॅपटॉपला त्यांनी कधी हात लावलेला नाही. काम माझं, डेटा माझा, बिल मी भरणार, आणि समजून घ्यायला मात्र साहेब हवेत. या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

तरी पावतीवर मी लिहून घेतलं: ‘डेटा जसाच्या तसा ठेवणे. फॉरमॅट करू नये. आधी हार्डडिस्क तपासून कळवणे.’ तो लिहायला तयार नव्हता. मी पेन मागून घेतलं, स्वतः लिहिलं आणि त्याची सही घेतली. तुम्हीही असंच करा. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी काउंटरवर दुसरा माणूस बसला की संपतं.

त्यानंतर सुरू झालं वाट पाहणं. उद्या फोन करतो म्हणाले, फोन आला नाही. मी केला तर “इंजिनिअर सर बाहेर गेलेत.” पुन्हा केला तर “चेकिंगला लावलाय.” मग “पार्ट मुंबईहून मागवावा लागेल.” कुठला पार्ट, हे कुणालाच सांगता येईना. तिकडे तारीख जवळ येतेय, इकडे मी शेजारच्या मुलीचा लॅपटॉप रात्री मागून आणून पेनड्राइव्हवरच्या बॅकअपवर काम करतेय. टॅलीचा डेटा फोल्डर रोज पेनड्राइव्हवर घ्यायची माझी सवय आहे. ती नसती तर या मधल्या दिवसांत एकही रिटर्न गेलं नसतं.

शेवटी त्यांचा फोन आला. “मॅडम, मदरबोर्ड वीक आहे. विंडोज चालू करून बघितलं, ते पण करप्ट आहे. यावर खर्च करण्यात अर्थ नाही. शिवाय यात विंडोज ११ चालत नाही. एक्स्चेंजमध्ये नवा घ्या, चांगली ऑफर आहे.”

सकाळच्या गाडीने पुन्हा जळगाव. धरणगाव येईपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही, फक्त बघायचं.

काउंटरवर लॅपटॉप हातात घेतला आणि आधी उलटा केला. आमच्याकडे घरासमोरच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या जातात. हिवाळाभर हवेत बारीक तंतू असतात आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ. फॅनच्या जाळीवर त्या दोन्हींचा मिळून एक करडा थर बसलेला होता, नखाने उचलला तर अख्खा निघेल असा. तो देताना होता तसाच. स्क्रूंच्या खाचांत धूळ गच्च भरलेली, तीही तशीच. माझा फोटो काढून शेजारी धरला, काडीचाही फरक नाही. स्क्रू-ड्रायव्हर लागला असता तर खाचेतली धूळ तरी निघाली असती. लॅपटॉप उघडलाच नव्हता, आणि मदरबोर्ड वीक!

मग तिथेच चालू केला. सावकाश का होईना, विंडोज उघडलं. करप्ट नव्हतं. मी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात विंडोज लॉग्जखाली सिस्टिम असं असतं. लॅपटॉप पाच मिनिटं जरी चालू केला तरी तिथे तारीख-वेळेसकट डझनभर नोंदी पडतात. मी लॅपटॉप दिला त्या दिवसानंतरची पुढची नोंद थेट त्या क्षणाची, मी काउंटरवर बटण दाबल्याची. मधले सगळे दिवस कोरे. पेनड्राइव्हवरून चालू केला असता तर नोंद झाली नसती, हे मला माहीत आहे. पण ‘विंडोज चालू करून बघितलं’ हे त्यांचेच शब्द होते.

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. मागच्या खुर्चीवरचे मालक उठून आले, बघितलं, आणि म्हणाले, “चेकिंग चार्ज तरी द्यावा लागेल, सिस्टिममध्ये एंट्री झालीय.”

मी पैसे दिले, कारण लॅपटॉप सोडवायचा होता. पण पावतीवर ‘तपासणीचा कोणताही रिपोर्ट मिळाला नाही’ असं लिहिलं, खाली सही घेतली, आणि लॉगचा फोटोही तिथेच काढला.

काम शेवटी अमळनेरलाच झालं. स्टेशनकडे एक भाऊ बसतात, छोटीशी टपरी, एक टेबल, एक दिवा. त्यांनी माझ्यासमोर तळ उघडला, माझे आकडे शांतपणे ऐकले, डिस्कवर बोट ठेवलं आणि अहिराणीत म्हणाले, “ताई, हाई थकी गई.” बस्स. मदरबोर्डचं नाव नाही, साहेबांना बोलवा नाही.

फिरणारी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो लहान-लहान फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी डिस्कचा वाचक दांडा हलून योग्य जागी जावा लागतो, मग ती जागा फिरून खाली यावी लागते. अशी वाचनं सेकंदाला शंभरच्या आसपासच होतात. त्यात काही सेक्टर अडायला लागले की डिस्क तेच पुन्हा-पुन्हा वाचत बसते. एसएसडीत, म्हणजे चिपवर चालणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच आकडे हजारोंत जातात. माझ्या लॅपटॉपमध्ये रॅमही कमी होती. ४ जीबी भरली की विंडोज उरलेला भार डिस्कवरच टाकतं, म्हणजे थकलेल्यावरच आणखी ओझं. म्हणून एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅम, दोन्ही टाकलं. रॅम घेण्याआधी दुसरा स्लॉट आहे का ते बघा, काही मॉडेलना नसतो.

आणि म्हणूनच त्या दुकानाचा फॉरमॅटचा हट्ट मला एवढा खटकतो. जुन्याच डिस्कवर फॉरमॅट मारला असता तर काही दिवस बरं वाटलं असतं, कारण डिस्क रिकामी झाली असती. सेक्टर तेच राहिले असते. डेटा गेला असता आणि जूनच्या ऐवजी ऑगस्टमध्ये मी पुन्हा त्याच काउंटरवर उभी राहिले असते.

भाऊंनी आधी अख्ख्या डिस्कची नक्कल एसएसडीवर घ्यायचा प्रयत्न केला. ती मध्येच अडकली, त्याच अडणाऱ्या सेक्टरांपाशी. मग एसएसडीवर नवं विंडोज टाकलं आणि जुनी डिस्क यूएसबी केबलने बाहेरून जोडून डेटा उतरवला. दोन-चार जुने व्हिडिओ आले नाहीत, हिशेब सगळे आले. डिस्कमध्ये ‘कॉशन’ दिसत असेल तर आधी महत्त्वाचं ते बाहेर काढा, दुरुस्तीचे प्रयोग नंतर. चेकडिस्क या विंडोजच्याच सोयीची लांबलचक तपासणी मरतुकड्या डिस्कला आणखी दमवते.

फॅन साफ केला, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी वाळलेली पेस्ट बदलली. हेही सोडू नका, विशेषतः आपल्याकडे. मे महिन्यात जळगाव-अमळनेरचा पारा ४४-४५ वर जातो. हवा आत जायला जागा नसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. दुपारी स्लो आणि पहाटे बरा चालत असेल तर आधी जाळी बघा. काही कंपन्यांचे लॅपटॉप दुसऱ्याचा चार्जर ओळखत नाहीत आणि तेव्हाही वेग कमी ठेवतात, तेही तपासा.

आता बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत लॅपटॉप तयार असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं. खर्च नव्या लॅपटॉपपुढे किरकोळ झाला. त्या महिन्याचं ३बी वेळेत गेलं.

एक राहिलं. टॅली वापरत असाल तर डिस्क बदलण्याआधी लायसन्स सरेंडर करून घ्या, नव्या डिस्कवर पुन्हा ॲक्टिव्हेट होतं. डिस्क काढल्यावर आठवलं तर सपोर्टला फोन करत बसावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर जुनी डिस्क बाहेरून जोडली तरी उघडणार नाही.

विंडोज ११ बद्दल दुकानदार खोटं बोलला नव्हता. सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. पण घरच्या लॅपटॉपला नोंदणी केली तर सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ती नोंदणी मी केली आहे. नवा लॅपटॉप कधीतरी घ्यावा लागणार, पण तो मी माझ्या वेळेला घेईन. आणि स्लो चालण्याशी याचा काही संबंध नव्हता.

चेकिंग चार्ज मी सोडून दिलेला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे पावती, आधीचे दोन्ही फोटो आणि लॉगचा फोटो जोडून तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. दुकानातून मात्र एक फोन आला होता, आणि या वेळी त्यांनी साहेबांना नाही, मलाच विचारलं.